कंपनीचा मेल सर्व्हर: आपल्याच माणसांचं दार नीट बसवणं आणि राखणं

मेल सर्व्हरकडे दोन प्रकारची मंडळी येतात. पहिली म्हणजे जगभरातले इतर मेल सर्व्हर. ते पोर्ट २५ वर (पोर्ट म्हणजे सर्व्हरवरचं एका सेवेचं क्रमांकित दार) येतात, टपाल टाकतात आणि निघून जातात. दुसरी म्हणजे तुमची स्वतःची माणसं: कुणी लॅपटॉपवर थंडरबर्ड उघडून, कुणी फोनवरून, कुणी ब्राउझरमधून. मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे तपासणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांच्याबद्दल भरपूर लिहिलं जातं, पण ती सगळी पहिल्या मंडळींसाठीची व्यवस्था आहे. हा लेख दुसऱ्या मंडळींसाठी आहे, म्हणजे ज्या दारातून तुमचे कर्मचारी रोज आत-बाहेर करतात त्या दारासाठी.

या दाराची काळजी जास्त घ्यायची, कारण मेलबॉक्समध्ये घुसणाऱ्याला बहुतेक वेळा काहीच फोडावं लागत नाही. तो खरा पासवर्ड टाकून खऱ्या दारातून आत येतो, काही दिवस पत्रव्यवहार शांतपणे वाचतो आणि नेमक्या दिवशी बिलावरचा बँक खाते क्रमांक बदलून पाठवतो. अमेरिकेच्या एफबीआयकडे २०२३ या एका वर्षात अशा व्यावसायिक ईमेल फसवणुकीच्या २१,४८९ तक्रारी आल्या आणि त्यांतलं नुकसान सुमारे २९० कोटी डॉलरचं होतं.

पुढचं सगळं मी लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल स्वीकारणारं आणि पाठवणारं सॉफ्टवेअर) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स वाचायला देणारं सॉफ्टवेअर) आहे असं धरून लिहितोय. मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज हा मेल सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी वेगळं सांगण्यासारखं जिथे आहे तिथे ते सांगेन. या कामात माणसं सेटिंगमध्ये कमी आणि क्रमात जास्त चुकतात. आधी कोण कुठून येतंय ते पाहायचं, मग नवा रस्ता तयार करायचा, मग लोकांना त्यावर आणायचं आणि जुना रस्ता सगळ्यात शेवटी बंद करायचा. हा क्रम उलटा केला की दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजायला लागतात. आणि ज्यांच्याकडून फोन येत नाहीत ते जास्त महागात पडतात.

पहिलं काम: महिनाभर नुसता लॉग वाचा

एका कंपनीत मी पोर्ट ११० बंद केलं. विनाएन्क्रिप्शन पॉप थ्रीचं (मेल सर्व्हरवरून उतरवून घेण्याच्या पद्धतीचं) हे जुनं पोर्ट चालू ठेवायला काहीच कारण नव्हतं. दोन दिवस कुणाची तक्रार नाही, म्हणून मी निश्चिंत. तिसऱ्या दिवशी कळलं, खरेदीच्या ऑर्डर नोंदल्याच जात नाहीयेत. कुणीतरी वर्षांपूर्वी लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम त्या पोर्टवरून ऑर्डरचा मेलबॉक्स वाचायचा. त्याच्यामागे बसलेलं माणूसच नव्हतं, मग तक्रार कोण करणार? त्याची नोंद लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, दर पाच मिनिटांनी पडत होती. मी ती आधी बघितली नव्हती.

म्हणून आधी लॉग. डव्हकॉट प्रत्येक यशस्वी लॉगिनची एक ओळ लिहितो: वापरकर्ता, पद्धत, कुठल्या आयपीवरून आला, आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत) की पॉप, आणि जोडणी एन्क्रिप्टेड असेल तर ‘टीएलएस’ (जोडणी एन्क्रिप्ट करणारी नियमावली) हा शब्द. ज्या ओळीत तो शब्द नाही ती लगेच बाजूला काढा. टीएलएसची आवृत्ती मात्र आपोआप नोंदली जात नाही. लॉगिनच्या नोंदीची मांडणी ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये ती जोडावी लागते. पोस्टफिक्समध्ये सर्व्हर बाजूच्या टीएलएस लॉगची पातळी १ केली की प्रत्येक जोडणीची आवृत्ती आणि सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) दिसू लागतात. लॉगिन करून पाठवलेल्या प्रत्येक मेलसोबत वापरकर्त्याचं नावही येतं.

मुदत पूर्ण एका महिन्याची ठेवा, कारण काही यंत्रं आणि काही प्रोग्रॅम फक्त महिनाअखेरीलाच जागे होतात. या नोंदींवरून एक यादी करा: कोणतं खातं, कोणत्या पोर्टवर, कोणत्या उपकरणावरून, टीएलएसची कोणती आवृत्ती. स्कॅनर-कॉपियर, हजेरीचं यंत्र, बॅकअपचा अहवाल पाठवणारी स्क्रिप्ट, वेबसाइटचा संपर्क फॉर्म, हिशेबाचं सॉफ्टवेअर ही मंडळी यादीत हमखास सापडतात. ज्या ओळीचा मालक सापडत नाही ती सोडून देऊ नका. एक तर ती विसरलेली यंत्रणा असते, नाही तर नको असलेला पाहुणा.

नाव आणि सर्टिफिकेट

सगळ्या क्लायंटसाठी सर्व्हरचं एकच नाव ठरवा. तुमच्या डोमेनच्या पुढे ‘मेल’ लावलेलं नाव पुरेसं आहे. आयमॅपसाठी एक, एसएमटीपीसाठी (मेल पाठवण्याच्या पद्धतीसाठी) दुसरं, वेबमेलसाठी तिसरं असंही चालतं, पण मग ती सगळी नावं सर्टिफिकेटवर (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या दाखल्यावर) असायला हवीत आणि कर्मचाऱ्यांना तिन्ही लक्षात ठेवायला लागतात. ऑफिसच्या आतून येणाऱ्यांना कधीही आयपी पत्ता टाकायला सांगू नका. सर्टिफिकेट नावासाठी असतं. पत्ता टाकला की इशारा येतो, आणि माणसाला एकदा ‘तरीही पुढे जा’ दाबायची सवय लागली की खऱ्या धोक्याच्या वेळीही तो तेच दाबतो. ही सवय मोडणं कुठल्याही सेटिंगपेक्षा अवघड आहे. आतल्या नेटवर्कमध्ये सर्व्हर खासगी पत्त्यावर असेल तर आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) तेच नाव त्या पत्त्याला जोडा. मग लॅपटॉप ऑफिसात असो की बाहेर, सेटिंग बदलावी लागत नाही.

सर्टिफिकेट सार्वजनिक संस्थेचंच घ्या. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट मेलसाठीही उत्तम चालतं. बसवताना पूर्ण साखळीची फाइल द्या, नुसतं आपलं सर्टिफिकेट नको. मधला दुवा राहिला तर विंडोज तो स्वतः शोधून आणतं आणि सगळं ठीक दिसतं, पण अँड्रॉइड फोन मात्र अडतात. ‘लॅपटॉपवर चालतंय, फोनवर नाही’ अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

नूतनीकरणातही एक खड्डा आहे. लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि फाइल आपोआप बदलली जाते. पोस्टफिक्सच्या मेल स्वीकारणाऱ्या प्रक्रिया सतत संपतात आणि नव्या सुरू होतात, त्यामुळे नवी फाइल तिथे आपसूक उचलली जाते. डव्हकॉट मात्र रीलोड होईपर्यंत जुनंच सर्टिफिकेट हातात धरून बसतो. परिणाम चमत्कारिक दिसतो: मेल जातो, पण येताना सर्टिफिकेटची मुदत संपल्याचा इशारा. सर्टबॉट (सर्टिफिकेट आपोआप आणणारं साधन) वापरत असाल तर नूतनीकरणानंतर चालणाऱ्या हुकमध्ये दोन्ही सेवा रीलोड करण्याची आज्ञा घाला. विकतचं सर्टिफिकेट हाताने बसवणाऱ्यांनीही आता स्वयंचलित पद्धतीकडे वळावं. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या त्याच तारखेपासून १०० दिवस आणि २०२९ पासून ४७ दिवस असं ठरलं आहे. दीड महिन्याला एकदा हाताने हे काम करणं कुणाच्याच्याने होणार नाही.

पोर्ट: कुठलं उघडं, कुठलं बंद

बाहेरच्या जगाला एवढीच पोर्ट दिसली पाहिजेत: २५ इतर सर्व्हरसाठी, ४६५ मेल पाठवायला, ९९३ आयमॅपने वाचायला आणि वेबमेल असेल तर ४४३. गरज असेल तर ५८७. यापलीकडचं प्रत्येक पोर्ट उघडं ठेवायला तुमच्याकडे लेखी कारण असावं.

४६५ की ५८७, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. ५८७ वर बोलणं साध्या मजकुरात सुरू होतं आणि मग क्लायंट ‘स्टार्टटीएलएस’ म्हणून एन्क्रिप्शन मागतो. मधे बसलेला माणूस ती मागणीच गाळू शकतो. क्लायंट ढिला असेल तर तो तसाच पुढे जातो आणि पासवर्ड उघडा पडतो. ४६५ वर पहिल्या बाइटपासून टीएलएस असतं, गाळण्यासारखं काही उरतच नाही. ४६५ जुनं, टाकाऊ पोर्ट असल्याचा समज बरीच वर्षं होता. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या आरएफसी ८३१४ या इंटरनेट मानकाच्या दस्तऐवजाने तो मोडला आणि क्लायंटसाठी सुरुवातीपासूनचं टीएलएसच श्रेयस्कर ठरवलं. २०२१ मध्ये संशोधकांनी वेगवेगळ्या मेल क्लायंट आणि सर्व्हरमध्ये स्टार्टटीएलएसशी संबंधित चाळीसहून अधिक त्रुटी दाखवल्या. तेव्हा नव्या माणसाला ४६५ आणि ९९३ च द्या. ५८७ फक्त ज्या यंत्रांना ४६५ जमत नाही त्यांच्यासाठी ठेवा आणि तिथे एन्क्रिप्शन ऐच्छिक नको, सक्तीचं करा.

पोस्टफिक्सच्या मास्टर फाइलमध्ये या दोन्ही सेवांच्या ओळी तयारच असतात, फक्त शेरा लावून बंद केलेल्या. ४६५ च्या ओळीखाली ‘रॅपर मोड’ चालू, ५८७ च्या ओळीखाली टीएलएस पातळी ‘एन्क्रिप्ट’. आणि लॉगिनची परवानगी फक्त या दोन ओळींखाली द्या, मुख्य फाइलमध्ये नको. ही चूक मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे: मुख्य फाइलमध्ये लॉगिन चालू केलं की ते पोर्ट २५ वरही चालू होतं आणि दिवसरात्र पासवर्ड आजमावणारे बॉट तिथेच रांग लावतात. पोर्ट २५ वर तुमच्या एकाही माणसाने लॉगिन करायचं कारण नाही.

डव्हकॉटमध्ये एसएसएल ‘रिक्वायर्ड’ करा आणि टीएलएसशिवाय पासवर्ड स्वीकारणं बंद आहे याची खात्री करा. या दुसऱ्या सेटिंगचं नाव २.४ आवृत्तीत बदललं आहे आणि अर्थही उलटा झाला आहे. जुन्यात ‘साध्या मजकुरातला पासवर्ड बंद करा’ याला ‘हो’ म्हणायचं होतं, नव्यात ‘साध्या मजकुराला परवानगी’ याला ‘नाही’. आवृत्ती बदलताना जुनी फाइल डोळे झाकून उचलू नका. टीएलएसची किमान आवृत्ती १.२ ठेवा. १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्येच औपचारिकपणे बाद झाल्या आहेत.

पॉप थ्री लागतंच का, हेही या टप्प्यावर ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: माणसांसाठी नको. पॉप लावलेला क्लायंट मेल उतरवून सर्व्हरवरून पुसू शकतो, आणि मग कंपनीचा सगळा पत्रव्यवहार एका लॅपटॉपच्या डिस्कवर उरतो. एखाद्या प्रोग्रॅमला लागत असेल तर ९९५ उघडा, पण तेवढ्याच आयपीसाठी.

आणि फायरवॉल लावताना आयपीव्ही६ विसरू नका. चौथ्या आवृत्तीचे सगळे नियम कडेकोट, आणि सहाव्या आवृत्तीवर तीच सेवा जगाला उघडी, असं अजूनही सर्रास दिसतं.

ओळख पटवणं: इथे वेळ द्या

आयमॅप आणि एसएमटीपी या नियमावल्या घडल्या तेव्हा ‘फोनवर आलेला आकडा सांगा’ ही कल्पना नव्हती. पासवर्ड दिला की आत. म्हणून वेबमेलला कितीही देखणं द्विस्तरीय लॉगिन लावलं तरी तोच पासवर्ड आयमॅपवर चालत असेल तर ते लॉगिन निरुपयोगी आहे. पासवर्ड चोरणारा वेबमेलच्या वाटेला जातच नाही. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये नुसत्या पासवर्डचा जुना मार्ग बंद करायला घेतला तो यासाठीच.

यावर दोन उपाय आहेत. पहिला ओऑथ: क्लायंट ब्राउझरची खिडकी उघडतो, माणूस तिथे पासवर्ड आणि दुसरा टप्पा पार करतो, आणि क्लायंटच्या हाती फक्त एक टोकन पडतं. गूगल किंवा मायक्रोसॉफ्टकडे तुमचा मेल असेल तर हाच मार्ग घ्या. स्वतःच्या सर्व्हरवर मात्र अडचण येते. डव्हकॉट ओऑथ समजतो, कीक्लोकसारखा ओळख-सर्व्हरही उभा करता येतो, पण अनेक क्लायंटमध्ये मोजक्या मोठ्या पुरवठादारांचीच नावं भरलेली असतात. तुमचा सर्व्हर त्यांच्या ओळखीचा नसतो.

म्हणून स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांना मी दुसरा उपाय सुचवतो: प्रत्येक उपकरणाला वेगळा ॲप-पासवर्ड. माणसाचा मुख्य पासवर्ड फक्त वेबमेलला, दुसऱ्या टप्प्यासह. आयमॅप आणि एसएमटीपीला तो मुळीच चालू नये. फोनला एक, लॅपटॉपला दुसरा ॲप-पासवर्ड, दोन्ही यंत्राने बनवलेले, वीसेक अक्षरांचे. ते कुणी पाठ करणार नाही, दुसऱ्या साइटवर वापरणार नाही आणि फसव्या पानावर टाइपही करणार नाही, कारण ते त्याला आठवतच नसतात. फोन हरवला तर तेवढाच एक रद्द करायचा, लॅपटॉप चालूच राहतो. मेलकाऊसारख्या तयार संचात ही सोय आधीपासून असते. नुसता डव्हकॉट असेल तर डेटाबेसमध्ये ॲप-पासवर्डचा वेगळा तक्ता करून आयमॅप आणि एसएमटीपीची तपासणी त्याच्याकडे वळवा.

साठवताना पासवर्ड बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ ने हॅश करा, म्हणजे उलगडता न येणाऱ्या रूपात ठेवा. पडताळणीच्या पद्धतींपैकी टीएलएसच्या आत ‘प्लेन’ पुरेशी आहे, नावावरून घाबरू नका. ‘क्रॅम-एमडी५’ ऐकायला सुरक्षित वाटते, पण तिच्यासाठी सर्व्हरला पासवर्ड जवळजवळ उघड्या रूपात ठेवावा लागतो. ती बंदच ठेवा. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्तीही सोडून द्या. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच तिच्याविरुद्ध सल्ला दिला. सक्ती केली की लोक जुन्याच पासवर्डच्या शेवटचा आकडा एकाने वाढवतात.

वेबमेलबद्दल एवढंच: ते वेळच्या वेळी अद्ययावत ठेवता येणार नसेल तर लावू नका. राउंडक्यूब या वेबमेलमध्ये वर्षानुवर्षं दडून राहिलेली एक गंभीर त्रुटी जून २०२५ मध्ये १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्यांनी दुरुस्त केली. एका साध्या कर्मचाऱ्याचं लॉगिन हाती असलं की तिच्या आधारे थेट सर्व्हरवर आज्ञा चालवता येत होत्या. एक्स्चेंजचंही तसंच. मार्च २०२१ मध्ये जगभरचे सर्व्हर ज्या त्रुटींमुळे फुटले त्यांत हल्लेखोर ४४३ मधूनच शिरले होते. एक्स्चेंज २०१६ आणि २०१९ यांचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. ते अजून इंटरनेटवर उघडे असतील तर हा लेख बाजूला ठेवून आधी ते काम घ्या. ॲडमिन पॅनेल तर कुठल्याही सर्व्हरचं असो, ते फक्त व्हीपीएनच्या आतून दिसावं.

क्लायंटला पत्ता आपोआप मिळू द्या

हाताने सेटिंग भरायला लावलं की प्रत्येक जण काहीतरी वेगळं भरतो. शिवाय यात एक सुरक्षेचा मुद्दा आहे. आउटलुकसारखे क्लायंट ‘ऑटोडिस्कव्हर’ने सर्व्हर शोधतात. तुमच्या डोमेनवर तो नाही मिळाला तर काही क्लायंट वरच्या पातळीच्या, परक्याच्या डोमेनकडे जाऊन विचारत आणि सोबत पासवर्डही देत. २०२१ मध्ये संशोधकांनी अशी काही डोमेन विकत घेऊन चार महिने नुसती वाट पाहिली. त्यांच्याकडे ३,७२,०७२ लॉगिनची माहिती आपणहून चालत आली.

तेव्हा तीन गोष्टी करा. आउटलुकसाठी ‘ऑटोडिस्कव्हर’ उपडोमेन आणि तिथली एक्सएमएल फाइल. थंडरबर्डसाठी ‘ऑटोकॉन्फिग’ उपडोमेन आणि त्याची फाइल. बाकीच्यांसाठी डीएनएसमध्ये आयमॅप आणि सबमिशनच्या (मेल पाठवण्याच्या) एसआरव्ही नोंदी, म्हणजे कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर आहे ते सांगणाऱ्या. ॲपलच्या उपकरणांना सही केलेली कॉन्फिगरेशन प्रोफाइल दिली की माणसाला फक्त पासवर्ड टाकायचा उरतो.

तरी काही जण हाताने भरणारच. त्यांच्यासाठी एक छोटं पान तयार ठेवा: वापरकर्तानाव म्हणजे पूर्ण ईमेल पत्ता, आयमॅपला ९९३, पाठवायला ४६५, दोन्हीकडे ‘एसएसएल/टीएलएस’, पाठवतानाही लॉगिन लागतं. पाठवण्याच्या सेटिंगमध्ये लॉगिनची खूण राहून जाते आणि ‘मेल येतो पण जात नाही’ म्हणून तक्रार येते.

दोन चुका लक्षणांवरून ओळखायला शिका. ४६५ ला ‘स्टार्टटीएलएस’ निवडलं तर क्लायंट नुसता लटकतो. तो सर्व्हरच्या नमस्काराची वाट पाहतो, सर्व्हर त्याच्या टीएलएसची, आणि शेवटी वेळ संपते. उलट ५८७ ला ‘एसएसएल/टीएलएस’ निवडलं तर चुकीच्या आवृत्तीची तक्रार करणारी त्रुटी लगेच येते. एवढं माहीत असलं तर फोनवरच निदान होतं.

एक गोष्ट कर्मचाऱ्यांना आधीच सांगा. विंडोजवरचं नवं आउटलुक आणि आउटलुकचं मोबाइल ॲप तुमच्या आयमॅप सर्व्हरशी थेट बोलत नाहीत. ती मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमार्फत येतात, म्हणजे लॉगिनची माहिती आणि मेलची प्रत तिथेही जाते. तुमच्या लॉगमध्ये कर्मचाऱ्याऐवजी मायक्रोसॉफ्टचे आयपी दिसतील. कंपनीला ते मान्य आहे का, हे ॲडमिनने परस्पर ठरवू नये. व्यवस्थापनाला विचारून लेखी घ्या.

फोन आणि लॅपटॉप

आयमॅप लावलेल्या प्रत्येक उपकरणावर मेलची प्रत उतरलेली असते. सर्व्हर किल्ल्यासारखा आणि लॅपटॉपची डिस्क उघडी, असं झालं तर चोराला सर्व्हरची गरजच नाही. डिस्क एन्क्रिप्शन आणि स्क्रीन लॉक या दोन अटी पूर्ण झाल्याशिवाय ॲप-पासवर्ड देऊ नका. कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर कंपनीचा मेल असेल तर अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल वापरा. ॲक्टिव्हसिंकमधून (फोनशी मेल जुळवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीतून) दूरवरून पुसण्याची सोय असेल तर ती फक्त मेल पुसते की अख्खा फोन, हे आधी तपासा. दुसऱ्याच्या फोनमधले घरच्यांचे फोटो आपल्या हातून गेले तर त्याची भरपाई होत नाही.

स्कॅनर आणि इतर मुकी यंत्रं

पहिल्या यादीत सापडलेल्या यंत्रांना माणसांच्या नियमांत कोंबू नका. प्रत्येकाला स्वतंत्र खातं, ठराविक आयपीवरूनच लॉगिन, आणि शक्य तिथे फक्त कंपनीच्या आतल्या पत्त्यांवरच पाठवण्याची मुभा. टीएलएस १.२ न येणाऱ्या जुन्या कॉपियरसाठी सगळ्यांची किमान आवृत्ती खाली आणू नका. आतल्या नेटवर्कमध्ये एक छोटा रिले उभा करा. कॉपियर त्याच्याकडे देईल, तो पुढे व्यवस्थित टीएलएसने पाठवेल.

मर्यादा

पोस्टफिक्समध्ये लॉगिन केलेला माणूस मूळ सेटिंगनुसार कुणाच्याही नावाने मेल पाठवू शकतो. शिपायाच्या खात्यातून संचालकांच्या नावाने. हे थांबवायला लॉगिन आणि पाठवणाऱ्याचा पत्ता यांची जोडी सांगणारा तक्ता द्या आणि न जुळणाऱ्याला नकार देणारा नियम ४६५ व ५८७ वर लावा. हा नियम फक्त लिफाफ्यावरचा पत्ता तपासतो. वाचणाऱ्याला दिसणारी ‘प्रेषक’ ओळ त्यात येत नाही. तिच्यासाठी आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारं सॉफ्टवेअर) किंवा एखाद्या मिल्टरचा (मेल तपासणाऱ्या जोड-प्रोग्रॅमचा) नियम लागतो.

दर तासाला एका खात्यातून किती मेल जाऊ शकतील, हेही बांधा. पोस्टफिक्सच्या स्वतःच्या मर्यादा आयपीनुसार असतात, खात्यानुसार नाहीत. इथेही आरस्पॅमडी उपयोगी पडतो. आकडा मनाने ठरवू नका. गेल्या तीन महिन्यांत एका तासात कुणी जास्तीत जास्त किती पाठवले ते लॉगमधून काढा आणि त्याच्या दुप्पट ठेवा. चोरलेल्या खात्यातून रात्रीत हजारो मेल गेले तर सर्व्हरचा आयपी काळ्या यादीत जातो आणि मग कंपनीचा खरा मेलही कुठे पोचत नाही.

लॉगिनमध्ये पुन्हा पुन्हा चुकणाऱ्या आयपीला अडवणारं फेलटूबॅन लावा, पण त्याच्या मर्यादा ओळखून. सगळं ऑफिस एकाच सार्वजनिक आयपीवरून येतं. एकाच्या फोनमध्ये जुना पासवर्ड राहिला की तो फोन दर मिनिटाला चुकत राहतो आणि अख्खं ऑफिस बाहेर पडतं. ऑफिसचा आयपी सूट-यादीत घाला आणि तिथल्या चुकांचा वेगळा इशारा स्वतःला पाठवा. शिवाय आजचे बॉट हजारो पत्त्यांवरून येतात, प्रत्येक पत्त्यावरून तासाला एखादाच प्रयत्न. आयपी मोजणाऱ्याला ते दिसतच नाहीत. खातंच कुलूपबंद करायचं म्हटलं तर कुणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून संचालकांचा मेल बंद पाडू शकतो. म्हणूनच मी ॲप-पासवर्डवर एवढा जोर दिला. वीस यादृच्छिक अक्षरं अंदाजाने सापडत नाहीत.

जुना रस्ता बंद करण्याचा दिवस

नवा रस्ता चालू झाल्यावर रोज लॉग बघा आणि जुन्या पोर्टवर उरलेल्यांना नावानिशी गाठा. सगळ्यांना एकच मेल पाठवून भागत नाही, तो वाचला जात नाही. यादी रिकामी झाली की बंद करा, आठवड्याच्या सुरुवातीला आणि सकाळी. महिनाअखेर टाळा.

मग ऑफिसबाहेरून, मोबाइल नेटवर्कवरून तपासा. ‘चालतंय का’ यापेक्षा ‘बंद आहे ते खरंच बंद आहे का’ हे बघायचं आहे. एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने दोन्ही आयपी आवृत्त्यांवर पोर्ट मोजा. पोर्ट २५ ला नमस्कार केल्यावर उत्तरात लॉगिनची तयारी दिसता कामा नये. ओपनएसएसएलच्या क्लायंटने टीएलएस १.१ मागून पाहा, नकार आला पाहिजे. मुख्य पासवर्डने आयमॅप उघडून पाहा, तोही नाकारला गेला पाहिजे. दुसऱ्याच्या नावाने मेल पाठवून पाहा. टेस्टएसएसएल ही स्क्रिप्ट आयमॅप आणि एसएमटीपीचीही सविस्तर तपासणी करते.

माणूस नोकरी सोडतो तेव्हा, किंवा खातं फुटतं तेव्हा

दोन्ही वेळी काम जवळजवळ तेच, आणि बहुतेक जण ते पासवर्ड बदलून संपवतात. पण आयमॅपची आधीच उघडलेली जोडणी पासवर्ड बदलल्याने तुटत नाही. फोन तासन्‌तास जोडलेला राहतो आणि नवे मेल घेत राहतो. म्हणून क्रम असा ठेवा: मुख्य पासवर्ड बदला, सगळे ॲप-पासवर्ड आणि टोकन रद्द करा, डव्हकॉटची ओळख-कॅश चालू असेल तर ती रिकामी करा, आणि मग डव्हकॉटच्या डव्हॲडम या साधनाच्या ‘किक’ आज्ञेने उघड्या जोडण्या तोडा. वेबमेलची सत्रं वेगळी संपवावी लागतात.

खातं फुटलं असेल तर यानंतर नियम तपासा. घुसलेला माणूस बाहेर जाण्याआधी बहुधा एक सीव्ह नियम (आलेल्या मेलचं काय करायचं ते सर्व्हरला सांगणारा) ठेवून जातो: ‘बिल’ किंवा ‘पेमेंट’ शब्द असलेला मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठव आणि इथे कुणी न उघडणाऱ्या फोल्डरमध्ये टाक. पासवर्ड बदलला तरी तो नियम इमानदारीने चालूच राहतो. कंपनीबाहेर आपोआप मेल वळवण्याची मुभा सरसकट बंद ठेवणं सगळ्यात बरं. सीव्हचं व्यवस्थापन पोर्ट ४१९० वर असतं. वेबमेल त्याच सर्व्हरवर असेल तर ते बाहेर उघडायची गरज नाही. शेवटी लॉगमधून त्या खात्याची आधीच्या महिन्यांतली सगळी लॉगिन काढा आणि अनोळखी आयपी पहिल्यांदा दिसला ती तारीख शोधा. त्या तारखेपासूनचा पत्रव्यवहार परक्याने वाचला आहे असं धरून, ज्या ग्राहकांशी आणि पुरवठादारांशी पैशांबद्दल बोलणं झालं त्यांना फोन करा. मेल नको, फोनच.

यासाठी लॉग तितके मागचे शिल्लक हवेत. बऱ्याच लिनक्स सर्व्हरवर मेल लॉग काही आठवड्यांतच पुसले जातात. ती मुदत आजच तपासा, किमान सहा महिन्यांची करा, आणि प्रत मेल सर्व्हरच्या बाहेर दुसऱ्या यंत्रावर जाऊ द्या.